ऑक्सिमीटर आणलास ना? मग हे वाच

ऑक्सिमीटर म्हणजे बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन टक्क्यांत मोजणारं यंत्र. बाबांना आधी पाच मिनिटं शांत बसव. हात गार असेल तर चोळून ऊब आण, नखाला गडद नेलपॉलिश नको. पहिला दिसलेला आकडा लिहू नकोस, तो स्थिर होऊ दे. दोन-तीन टक्के इकडेतिकडे होतातच. सावळ्या त्वचेवर तर कधी खऱ्यापेक्षा जास्त दाखवतं. ९४च्या खालीच राहिला तर डॉक्टरांना फोन, ९०च्या खाली गेला तर थेट हॉस्पिटल. सीओपीडी (फुप्फुसांचा जुनाट आजार) असेल तर मर्यादा डॉक्टरांनाच विचार.

बंद खोलीतली कोळशाची शेगडी, बाथरूममधला गॅस गिझर, हे मात्र फार फसवं प्रकरण. त्यांतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू रक्तात भिनला तरी यंत्र खुशाल ९८ दाखवतं. धाप लागलीय, ओठ निळे पडलेत, बोलणं असंबद्ध झालंय, तर आकडा कितीही चांगला असो, गाडी काढ.