सॉफ्टवेअर नंतर घे

प्रिय,

तुझं पत्र वाचलं. एम.ए. झालीस, परभणीत करिअर मार्गदर्शन केंद्र काढायचं ठरवलंस हे छान झालं. पण पहिलाच प्रश्न विचारलास तो असा, की मुलांची क्षमता आणि आवड तपासणाऱ्या चाचण्यांचं कुठलं सॉफ्टवेअर घेऊ?

सध्या कुठलंच घेऊ नकोस. कंपनीचा माणूस तुला जाडजूड रंगीत रिपोर्ट दाखवेल, वर तुझ्या केंद्राचं नाव छापून देतो म्हणेल. पालकांना ते आवडतं, हेही खरं. त्याला एवढंच विचार : तुमचे नॉर्म्स, म्हणजे मुलाचे गुण ज्यांच्याशी ताडून बघता ते सरासरी मापदंड, कुणावर काढलेत? कुठल्या साली, कुठल्या माध्यमाच्या मुलांवर, त्यात खेड्यातली मुलं होती का? धड उत्तर आलं नाही तर रिपोर्टातल्या आकड्यांना काही अर्थ नाही. जिंतूरच्या मराठी शाळेतल्या मुलाला महानगरातल्या इंग्रजी माध्यमाच्या मुलांशेजारी बसवून त्याची भाषिक क्षमता कमी ठरवायची, ही लबाडीच. मग ती कॉम्प्युटरने का केलेली असेना. आणि बोटांच्या ठशांवरून करिअर सांगणारी फ्रँचायझी घेऊन कुणी आलंच, तर चहा पाजून परत पाठव. त्या प्रकाराला शास्त्रीय आधार नाही.

आवडीच्या चाचण्यांचं दुखणं आणखी वेगळं. 2016 मध्ये राज्य मंडळाने दहावीच्या मुलांची कल चाचणी घेतली, आठवत असेल तुला. कृषी, वाणिज्य, ललित कला, तांत्रिक, गणवेशधारी सेवा अशा सात क्षेत्रांतला कल त्यात पाहिला जायचा. कल्पना चांगली होती, मला आजही वाटतं. पण मी पाहिलेल्या बऱ्याच घरांत तो कागद गुणपत्रिकेबरोबर फाइलीत गेला, कारण त्यावर बोलायला समोर कुणी नव्हतं. शिवाय जे काम कधी पाहिलंच नाही, त्याची आवड येणार कुठून? गावात शिक्षक, पोलीस आणि डॉक्टर एवढेच नोकरीवाले पाहिलेल्या मुलाचा कल त्या तिघांतच फिरतो. कधी पान्याला हात न लावलेल्या मुलीला यांत्रिक कामात रस नाही असा निकाल आला, तर तो मुलीपेक्षा तिच्या घराबद्दल जास्त सांगतो. चाचणी जरूर घे, पण आधी तिला काही बघू दे.

1908 साली बॉस्टनमध्ये फ्रँक पार्सन्स यांनी व्यवसाय मार्गदर्शनाचं कार्यालय उघडलं. त्यांची मांडणी साधी होती : माणसाने स्वतःला ओळखावं, कामांची माहिती घ्यावी, मग दोन्हींचा मेळ घालावा. आपण लोक पहिल्या पायरीवरच तंबू ठोकून बसलोय. मानसशास्त्र शिकून आलेल्यांना कामांची माहिती नसते आणि ती नाही याची लाजही वाटत नाही. तुझ्याच गावात कृषी विद्यापीठ आहे. तिथे फूड टेक्नॉलॉजीचं आणि कृषी अभियांत्रिकीचं कॉलेज आहे. त्यातून बाहेर पडलेली मुलं नेमकी कुठे लागतात, सुरुवातीला काय पगार घेतात, कंटाळून काय सोडतात, हे तुला तोंडपाठ हवं. तसंच आयटीआयचं. फिटर आणि इलेक्ट्रिशियनच्या अ‍ॅप्रेंटिसशिपला वाळूजच्या कारखान्यांत काय मिळतं, राहायची सोय कशी होते, कायम किती जण होतात, हे तिथे शिकणाऱ्या मुलांकडूनच कळेल. माहितीपत्रकात ते छापत नाहीत.

मुलं आता एआयला विचारूनच येतात. कोर्सांची यादी त्यांच्याकडे तुझ्यापेक्षा मोठी असते. अडतं ते दुसरीकडेच. जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज अकरावीतच करायचा, नॉन-क्रिमीलेयरची मुदत तपासायची, कॅपचा, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचा, ऑप्शन फॉर्म भरताना पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं की सीट गोठते, पुढच्या फेरीत बदलता येत नाही, हे आधी समजावून द्यायचं. 2024-25 पासून राज्यात व्यावसायिक अभ्यासक्रमांना कॅपमधून प्रवेश घेणाऱ्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या पात्र मुलींना शिक्षण शुल्क माफ आहे. मॅनेजमेंट कोट्याला ते लागू नाही, आणि हॉस्टेल-मेसचा खर्च उरतोच. हा हिशेब बापासमोर कागदावर मांडलास, तर एखादीचं इंजिनिअरिंग वाचेल. काहींना हे कारकुनी वाटतं. वाटू दे.

आता पैशाचं. केंद्र सुरू झालं की महिन्याभरात कुठलं तरी कॉलेज नाहीतर क्लास 'टाय-अप'साठी येईल. अ‍ॅडमिशनमागे इतके, सेमिनारचा हॉल आमचा. नाही म्हण, आणि ते भिंतीवर लिहून लाव : आम्ही फक्त पालकांकडून फी घेतो. आपल्याकडे करिअर कौन्सेलरची पाटी लावायला कुठला परवाना लागत नाही, म्हणून तर या धंद्याची अब्रू एवढी स्वस्त आहे. संघटना होतील, नियम येतील तेव्हा येतील. तोवर आपली फी कुठून येते हे उघड सांगणं आपल्या हातात आहे. एनसीईआरटीचा मार्गदर्शन आणि समुपदेशनाचा डिप्लोमाही जमेल तसा कर. मानसशास्त्राची पदवी या कामाला पुरत नाही.

आणि एक वही ठेव. प्रत्येक मुलाला काय सांगितलंस, का सांगितलंस, त्याने काय केलं. वर्षाने फोन, मग तिसऱ्या वर्षी फोन. डॉक्टरकडे पेशंटचे केसपेपर असतात, आपल्याकडे फक्त टॉपरांचे फोटो. आपला सल्ला किती वेळा चुकतो हे आपल्या व्यवसायात कुणालाच सांगता येत नाही, आणि ते सांगता येईपर्यंत आपल्याला गंभीरपणे घेतलं जाणार नाही. जिल्ह्यातले चार-पाच जण वर्षातून एकदा नावं झाकून आपापल्या वह्या एकमेकांपुढे ठेवतील, तर कुठल्याही परिषदेपेक्षा जास्त शिकाल. नांदेड-हिंगोलीकडचे तयार होतील असं वाटतं; लातूरवाल्यांना मेडिकलच्या 'नीट' परीक्षेच्या सीझनमध्ये विचारू नकोस.

दहावीच्या निकालाला अजून वेळ आहे. तोवर आयटीआयच्या प्राचार्यांना फोन करून एक दिवस वर्कशॉपमध्ये बसायची परवानगी माग. ओळख लागली तर माझं नाव सांग.

तुझा,
सर