हाताने घडवलेले चांदीचे दागिने युरोपात पाठवायचे आहेत. हॉलमार्क पुरतो का, की आणखी टेस्टिंग आणि सर्टिफिकेट लागतं?

पुरत नाही. हॉलमार्क चांदी किती शुद्ध ते सांगतो. युरोपातला ग्राहक विचारतो की या दागिन्यात अंगाला बाधणारं काय आहे. पहिल्यात चोख ठरलेला माल दुसऱ्यात खुशाल फेल होतो. आमचा झाला होता, म्हणून एवढं लिहायला बसलोय.

आयईसी (निर्यातीचा परवाना क्रमांक), जीजेईपीसीची (दागिने निर्यातदारांच्या परिषदेची) नोंदणी वगैरे तुम्ही केलेलंच असणार, त्यात शिरत नाही.

आम्ही कोल्हापूरजवळच्या हुपरीचे, चांदीच्या कामाच्या गावचे. घरात पैंजणांचं काम, पण चुलत्यांचा, म्हणजे अण्णांचा, रवाकामात, म्हणजे चांदीचे बारीक दाणे जोडून नक्षी करण्यात, हात चांगला, म्हणून मुंबईच्या एका निर्यातदाराने जर्मनीसाठी झुमक्यांची ऑर्डर दिली. माल गेला, तिकडच्या गिऱ्हाईकाने लॅबमध्ये घातला आणि रिपोर्ट आला: निकेल पास, शिसं पास, कॅडमियम फेल. सगळी ऑर्डर परत. त्यावर तो निर्यातदार, म्हणजे शेठ, फोनवर म्हणाले, "तुमच्या कारागिरांनी चांदीत काहीतरी मारलंय. हाताच्या कामात हे चालायचंच, पुढच्या वेळी कास्टिंगचाच माल घेतो."

अण्णा टंचाची (शुद्धतेची) चिठ्ठी हातात धरून घरभर फिरत होते. ९२.५च्या वर टंच, मग फेल कसली, हा त्यांचा एकच सवाल. त्यांचं चुकत नव्हतं, पण टंच फक्त चांदी मोजतो, उरलेल्या साडेसात टक्क्यांत काय बसलंय ते सांगत नाही. यावरून आमची जी जुंपली ती अजून मिटलेली नाही. त्यांच्या मते हे सगळे कागद म्हणजे गोऱ्यांची नाटकं. माझं म्हणणं, नाटकं असतील तर असोत, पण कॅडमियमचा धूर गोऱ्यांच्या नाही, आपल्या पोरांच्या छातीत जातो. ते ७६७ अंशांना उकळतं आणि फुंकणीची ज्योत त्याहून कितीतरी गरम असते. सोन्यातलं केडीएम, म्हणजे कॅडमियमचं सांधण, वाईट हे आता गल्लीतल्या पोरालाही कळतं, चांदीच्या डाखात (सांधे जोडायच्या धातूत) तेच असू शकतं हे मात्र कुणी विचारत नाही.

मी झुमके फोडले. वाटीचा पत्रा वेगळा, रवे वेगळे, दांडी आणि फिरकी वेगळी, डाखाची पट्टी वेगळी, अशा पुड्या बांधून एनएबीएल (लॅबना मान्यता देणारी सरकारी संस्था) मान्यता असलेल्या लॅबला पाठवल्या. पैसे माझ्या खिशातले. पत्रा साफ, रवे साफ, फिरकी साफ. डाखाच्या पट्टीत जवळपास पाचवा हिस्सा कॅडमियम.

आणि ती पट्टी आली कुठून? शेठनीच पाठवली होती. कमी आचेवर पाघळते, सांधा दिसत नाही, फिनिशिंग युरोपला शोभेल असं येतं, म्हणून हीच वापरा असा त्यांचा आग्रह.

हिशेब करून बघा. युरोपच्या रीच (रसायनांवरच्या) कायद्यात दागिन्यातल्या धातूत कॅडमियम वजनाच्या ०.०१ टक्क्याच्या आत हवं, डिसेंबर २०११ पासून. झुमक्याच्या वजनात डाख समजा दोन टक्के आणि डाखात वीस टक्के कॅडमियम, तर अख्ख्या झुमक्यात ०.४ टक्के झालं. मर्यादेच्या चाळीस पट. लॅबवाल्याने नेमका सांध्याचा तुकडा कापला तर आकडा आणखी वर. यात कारागिराने काय मारलं? तो रिपोर्ट मी शेठना पाठवला. "बघतो" म्हणाले. कापलेली मजुरी काही आली नाही.

म्हणून माझं मत ठाम आहे: तयार दागिना तपासत बसू नका, सामान तपासा. हाताच्या मालात एक नमुना पास झाला म्हणजे पेटीतले सगळे पास, असं धरता येत नाही. पण डाखाची एक लगड, फिरक्यांचं एक पाकीट, प्लेटिंगची एक टाकी, हे तपासता येतं आणि त्याची चिठ्ठी जपून ठेवता येते. फेल होतं ते बहुतेक वेळा बाजारातून आणलेलं सामान, कारागिराने घडवलेला पत्रा क्वचित. आणि सामान ज्याने दिलं, चाचणीचा खर्चही त्याचाच, हे ऑर्डरच्या कागदावर लिहून घ्या. तोंडी नको. शेठ लोकांची तोंडी भाषा फार गोड असते.

पेठेतल्या एक्सआरएफ (क्ष-किरणांनी धातू ओळखणाऱ्या) मशीनवर यासाठी विसंबू नका. ते वरच्या थराचंच बघतं, शिवाय चांदीचा अणुक्रमांक ४७ आणि कॅडमियमचा ४८, दोघांच्या रेषा इतक्या चिकटून येतात की थोडंसं कॅडमियम चांदीआड लपून जातं. अॅसिडमध्ये विरघळवून आयसीपीवर (धातूचं अगदी थोडं प्रमाणही मोजणाऱ्या यंत्रावर) लावतात ती चाचणी मागा.

आम्ही आता डाख घरीच करतो, चांदी, तांबं आणि जस्त. अण्णा म्हणतात, "बघ, शेवटी आजोबांच्या वाटेवर आलास." आलो नाही. आजोबा भंगारातलं पितळ टाकायचे, आणि तसल्या पितळात शिसं असू शकतं. शिशाची मर्यादा ०.०५ टक्के आहे, ऑक्टोबर २०१३ पासून. जुनं म्हणून शुद्ध, असं काही नसतं. अजून एक: डाख कमी टंचाचा असतो आणि डाग (दागिना) आटवून टंच काढला की तोही त्यात मोजला जातो. ९२.५च्या पत्र्यात ६५ टंचाचा डाख तीन टक्के गेला तर एकूण ९१.७च्या आसपास येतं, म्हणजे ९२५चा शिक्का खोटा. रवाकाम, जाळीकाम करत असाल तर पत्राच चढ्या टंचाचा घ्या.

निकेलबद्दल विचारलं नाहीत, पण सांगतो. कानात जाणाऱ्या दांडीतून आठवड्याला दर चौरस सेंटिमीटरला ०.२ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त निकेल सुटता कामा नये, बाकी अंगाला लागून राहणाऱ्या भागाला ०.५. कृत्रिम घामात आठवडाभर बुडवून हे मोजतात. जर्मन सिल्व्हरची दांडी लावू नका, त्यात चांदी नसतेच, निकेल मात्र भरपूर. रोडियमचा मुलामा करून घेत असाल तर त्याखाली निकेलचा थर देतात का ते प्लेटिंगवाल्याला स्पष्ट विचारा.

आता ज्या गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या त्या. वरचे आकडे युरोपियन युनियनचे आहेत. अमेरिकेत बारा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी माल असेल तर शिशाची मर्यादा १०० पीपीएम (दहा लाखांत १०० भाग) आणि लॅब त्यांच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने मान्य केलेलीच हवी. ब्रिटनमध्ये ७.७८ ग्रॅमपेक्षा जड डाग चांदी म्हणून विकायचा तर तिथला हॉलमार्क लागतो, आपला बीआयएसचा चालत नाही. आपल्याकडे चांदीला हॉलमार्क ऐच्छिक आहे, सप्टेंबर २०२५ पासून त्यात एचयूआयडी, म्हणजे प्रत्येक डागाचा वेगळा ओळख क्रमांक, आला एवढंच, त्यामुळे फक्त निर्यातीसाठी तो करून घेण्यात पैसे घालवू नका, गिऱ्हाईकाने मागितला तरच करा.

तुम्ही देश लिहिलेला नाही, आणि डाख घरचा की विकतचा तेही नाही. ते कळलं तर कुठली चाचणी आधी करायची ते सांगतो. विकतचा असेल तर तोवर ऑर्डर घेऊ नका.