अण्णांच्या मेंदूचं माप

प्रश्न : आमचे अण्णा 71 वर्षांचे. वर्षभरात विसरायला लागलेत. परवा दूधवाल्याला एकाच सकाळी दोनदा पैसे दिले. एमआरआय काढला. रिपोर्टच्या शेवटी कॉम्प्युटरने केलेला तक्ता आहे : डावा हिप्पोकॅम्पस 2.9 घनसेंटिमीटर, 'वयाच्या मानाने कमी'. भावाने तो मोबाइलवरच्या एआयला दाखवला, तर त्याने अल्झायमर सांगितला. तेव्हापासून घरात कुणी धड जेवत नाही. यावर विश्वास ठेवायचा का?
– एक वाचक, कराड

उत्तर : आधी जेवून घ्या. असे तक्ते माझ्या टेबलावर रोज येतात आणि ते टाकाऊ नसतात. हिप्पोकॅम्पस म्हणजे नव्या आठवणी पक्क्या करणारा, समुद्रघोड्यासारखा वाकलेला भाग. पूर्वी त्याची कड आम्ही माउसने एकेका कापावर आखायचो. दोन्ही बाजू होईतो चहा गार. आता डीप लर्निंग, म्हणजे उदाहरणं पाहून शिकणारं सॉफ्टवेअर, ते काही मिनिटांत करतं. यातल्या बऱ्याच सॉफ्टवेअरचं मूळ 2015 साली जर्मनीच्या फ्रायबर्ग विद्यापीठात मांडलेल्या यू-नेट नावाच्या रचनेत आहे. यू-नेट चित्राला आधी आक्रसत नेतं, त्यातून 'हे काय' ते उमगतं. मग पुन्हा फुलवतं, त्यातून 'नेमकं कुठे' ते ठरतं. शिकतं मात्र माणसांनी आखून दिलेल्या स्कॅनवरच.

आता तुमचा 2.9. अशा मोजणीच्या स्कॅनमध्ये मेंदूचे साधारण 1 मिलिमीटरचे ठोकळे पाडलेले असतात, म्हणजे डाव्या बाजूला सगळे मिळून 2900 ठोकळे. वाकड्यातिकड्या आकाराला कड फार, त्यामुळे कडेचा थर जरा आतबाहेर झाला की आकडा हलतो. मशीनच्या त्या खडखडाटात अण्णांनी मान हलवली असेल तर मेंदू आहे त्याहून लहान मोजला जाऊ शकतो. 1.5 टेस्लाऐवजी 3 टेस्लाच्या मशीनवर काढला तरी फरक पडतो (टेस्ला हे चुंबकाच्या ताकदीचं माप).

आणि वयाच्या मानाने, पण कुणाच्या वयाच्या? तुलनेसाठी घेतलेले मेंदू बरेचदा अमेरिका-युरोपातले. हैदराबादच्या आयआयआयटीने 2019 मध्ये 100 भारतीयांच्या स्कॅनवरून मेंदूचा नकाशा केला, तेव्हा आपला मेंदू उंची, रुंदी आणि आकारमानात सरासरीने लहान भरला. (बुद्धीशी याचा संबंध नाही. आत्ताच सांगते, नाहीतर पुढच्या अंकाला पत्रांचा ढीग.) म्हणून कवटीच्या मापाचा हिशेब धरलाय का, हे सेंटरला जरूर विचारा.

एक प्रसंग सांगते. आकडी येऊन पडलेल्या 19 वर्षांच्या मुलाचा स्कॅन होता. सॉफ्टवेअरने गाठीवर ट्यूमरचा रंग भरून ठेवलेला. मी रंग काढून पाहिलं : चमकणारं कडं, आत टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका. तो ठिपका म्हणजे टेपवर्म या जंताच्या अळीचं डोकं! आपल्याकडे शिकाऊ डॉक्टरही हे ओळखतो. पण त्या सॉफ्टवेअरने शिकताना ट्यूमरच पाहिलेले. अळी त्याच्या गावीही नव्हती. मोबाइलवाल्या एआयने तर अण्णांचा स्कॅनही पाहिलेला नाही, फक्त कागद वाचला. त्या कागदावर अण्णांचं नाव असेल, तेही त्याच्या हाती गेलं.

अल्झायमर नाहीच, असं मी म्हणत नाही. हिप्पोकॅम्पस त्यात लवकर झिजतो, आणि न्यूरॉलॉजिस्टला दाखवायचंच आहे. पण एका आकड्यावर निदान होत नसतं. स्मरणशक्तीच्या चाचण्या होतील, बी-12 आणि थायरॉइड तपासतील, ऐकू नीट येतं का ते पाहतील. पुढच्या वर्षी पुन्हा स्कॅन लागला तर त्याच मशीनवर काढा. आत्ताची सीडी जपून ठेवा, कारण एका मापापेक्षा दोन मापांतला फरक जास्त बोलतो. दूधवाल्यासारखे प्रसंग तारखेसह वहीत टिपून न्या, डॉक्टरांना त्या तक्त्याइतकीच ती वही लागेल.

आणि अण्णा रात्री झोपेची गोळी घेतात का, हे तुम्ही लिहिलंच नाहीत. त्यानेही विसरायला होतं. घेत असतील तर स्वतःहून एकदम बंद करू नका. पाकीट बरोबर न्या.