म्हाताऱ्या माणसांच्या कामाला लागलेल्या पोरीस

प्रिय बाळ,

तुझा मेसेज पोचला. गावातल्या म्हाताऱ्या माणसांसाठी ग्रुप काढलाय, पोरंपोरी पण बरीच जमलीत, आता सुरुवात कुठनं करू म्हणून विचारलंयस. फोनवर सांगायला बसले असते तर निम्मं राहून गेलं असतं म्हणून लिहून पाठवते, सावकाश वाच.

तुझी यादी बघितली. ब्लँकेट वाटप, फळवाटप, हेल्थ कॅम्प, एक दिवस सहल. यातलं काही वाईट नाही, पण यादी पोरांनी बसून केलेली दिसते गं, एकाही अज्जीला, अज्जाला विचारलेलं दिसत नाही. महिनाभर कार्यक्रम बिर्यक्रम काही करू नका. नुसतं बसायला जा. कट्ट्यावर, देवळात, दुपारी चहाच्या आधी. फोन खिशात ठेवा. पहिल्यांदा सगळी म्हणतील आम्हाला काय नको बाळ, बरं चाललंय. दोन-तीनदा गेलीस की मग हळूच निघतं, पेन्शन येईनासी झाली की गं, रेशनच्या दुकानात थंब लागेना, डोळ्याला अंधारी यायलीय पण पोराला सांगू कसं, तो गोव्यात कामाला. ही तुझी खरी यादी.

आता पेन्शनचं नीट ऐक, कारण सगळ्यात जास्त माणसं तिथंच अडकतात. आपल्याकडं कर्नाटकात पासष्टच्या पुढं संध्या सुरक्षा ही पेन्शन, महिन्याला १,२०० रुपये, लहान शेतकरी, शेतमजूर, बेळगावात वडगाव-शहापूरकडचे विणकर असल्या लोकांसाठी. अर्ज नाडकचेरीत, म्हणजे गावाजवळच्या महसूल ऑफिसात. पण घरात टीव्ही मराठी, व्हॉट्सॲपवर येणारं सगळं महाराष्ट्रातलं, त्यामुळं अर्धी म्हातारी माणसं श्रावणबाळ योजनेचं आणि पंच्याहत्तरीनंतरच्या फुकट एसटीचं विचारत बसतात. त्यांना चिडून सांगू नको. ते तिकडचं, आपलं रेशनकार्ड कर्नाटकाचं, आपल्याला इथलं काय मिळतं ते असं असं, म्हणून शांतपणे सांग. आपल्याकडं साठीच्या पुढं ज्येष्ठ नागरिक कार्ड असलं की इथल्या सरकारी बसला पंचवीस टक्के सूट आहे, बायकांना तर शक्ती योजनेत २०२३ पासून राज्यातल्या राज्यात साध्या बसला तिकीटच नाही, हे कितीतरी अज्जांना माहीत नसतं.

आणि पेन्शन बंद झाली म्हणून कुणी सांगितलं की लगेच ऑफिसात भांडायला जाऊ नको. आधी विचार, मधे कधी दुसऱ्या बँकेत खातं काढलं काय? गृहलक्ष्मीच्या, म्हणजे घरच्या कर्त्या बाईला महिन्याला पैसे देणाऱ्या आपल्याकडच्या योजनेच्या वेळी कितीतरी बायकांनी नवीन खाती काढली, आधार त्या खात्याला जोडला गेला, आणि मग आधारवरनं येणारे पैसे सगळे तिकडं पडायला लागतात, अज्जी बिचारी जुनं पासबुक घेऊन दर महिन्याला रांगेत उभी. पैसे तिथं पण नसले तर मग कागद बघ. आधारवर एल्लूबाई, रेशनकार्डावर यल्लव्वा, पासबुकात यल्लूबाई, कन्नडमधनं इंग्लिशमधे आणि तिकडनं परत मराठीत येता येता नाव बदलतं आणि कॉम्प्युटर म्हणतो ही तीन माणसं. वयाचंही तसंच, शाळेचा दाखला नाही, कुणीतरी अंदाजानं साल टाकून १ जानेवारी करून ठेवलेलं, सत्तरीला टेकलेला माणूस कागदावर साठीचा. हे दुरुस्त करायला वेळ लागतो, त्या माणसाला आधीच तसं सांग, उद्या होईल म्हणून शब्द देऊ नको. अर्ज नाकारला तर कारण लेखी मागून घे. गावात पेन्शन अदालत, म्हणजे साहेब लोक येऊन पेन्शनच्या तक्रारी ऐकतात ती, लागली तर सगळ्यांचे कागद एकदम घेऊन जा.

थंबचं पण असंच. निपाणीकडं आयुष्यभर बिड्या वळलेल्या बायकांचे हात कधी हातात घेऊन बघ, बोटांच्या रेषा गुळगुळीत झालेल्या असतात, मशीनला काय दिसणार? त्यांची पीएफची पेन्शन असली तर वर्षातनं एकदा हयातीचा दाखला लागतो, आणि बोट लागत नाही म्हणून त्यांना बस धरून सेंटरला दोन-दोनदा पाठवतात. हा दाखला आता फोनवर चेहरा दाखवून पण होतो, पोस्टमन घरी येऊन पण करून देतो. तुझ्या ग्रुपातल्या दोघातिघांनी हे एवढं शिकून घेतलं तरी गावाचं केवढं काम होईल! फक्त एक, ओटीपी, एटीएमचा पिन, पैसे काढून आणणं हे कुणीही एकट्यानं करायचं नाही. कायम दोघं जा, आणि पैशाला हात घरच्या माणसानं नाहीतर त्यांनी स्वतःच लावायचा.

भाषेचं विचारलंयस. तक्रारीचा अर्ज राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत द्यायचा हक्क घटनेच्या ३५० व्या कलमानं दिलाय, त्यामुळं मराठीत अर्ज द्यायला घाबरू नको. पण अज्जीची औषधं त्या पैशावर अवलंबून असली तर मी मराठी अर्जाला कन्नड कॉपी जोडून देते, साहेबाला वाचायला सोपं, फाईल हलते. तू कन्नड नीट लिहायला शीक. आणि ग्रुपात कन्नड बोलणारी, उर्दू बोलणारी पोरं घे, म्हातारपण काय एका गल्लीपुरतं नसतं.

काउंटरवर गेलात की तू पुढं होऊन बोलू नको, हे मी परत परत सांगणार. अज्जीला खुर्ची मागून घे, कागद तिच्या हातात दे, तिला बोलू दे, अडली तर मागनं सांग. तू बोललीस की साहेब तुझ्याकडं बघून बोलतो आणि ती नुसती बसून राहते, म्हणजे घरात जे चाललंय तेच ऑफिसात. ज्या अज्जीनं एकदा स्वतः तोंड उघडून काम करून घेतलं ती पुढच्या वेळी शेजारणीला घेऊन जाते, मी बघितलंय हे.

घरच्यांशी वैर घेऊ नको. बाहेरनं बघणाऱ्याला सून वाईट दिसते, पण रात्री उठून अंथरूण बदलणारी बहुतेक वेळा तीच असते आणि तिला बरं आहेस काय म्हणून कुणी विचारत नाही. आधी तिच्याशी बोल. दुपारी दोन तास तुमच्यातली एक पोरगी अज्जीजवळ बसली आणि सून जरा माहेरी, बाजारला जाऊन आली तरी घरातला आवाज खाली येतो.

पण मारहाण, उपाशी ठेवणं, घराबाहेर काढणं असलं काही दिसलं तर समजुतीच्या गोष्टी करत बसू नको. १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाईन, फोन लाव, आणि जिवाला धोका वाटला तर सरळ पोलीस. तू लिहिलंयस त्या अज्जांचं, शेत मुलाच्या नावावर दानपत्र करून दिलं आणि आता जेवायला मिळेना, त्याला २००७ चा आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे. अर्ज प्रांतसाहेबांपुढं, वकील लागत नाही, पोटगी महिन्याला १०,००० पर्यंत, आणि निकाल ९० दिवसांत द्यावा असं कायद्यात आहे. अज्जांना स्वतः जमत नसलं तर त्यांनी अधिकार दिलेल्या माणसाला, संस्थेला त्यांच्या वतीनं अर्ज करता येतो, म्हणजे तुलाही. दानपत्र रद्द करायचं असलं तर कलम २३, पण त्यासाठी सांभाळ करायचा अशी अट दानपत्रात लिहिलेली असली तर बरं पडतं, नसली तर वाद वाढतो. म्हणून गावात बाकीच्यांना आत्ताच सांगत जा, नावावर करून द्यायचं तर ती ओळ घालूनच करा.

संस्था रजिस्टर करायची घाई नको. आधी एक वही कर, कुणाचं काय काम, कुठं अडकलंय, पुढं कधी जायचं. आणि ती वही तुझ्याशिवाय आणखी दोघांना चालवता आली पाहिजे, नाहीतर तुझं लग्न ठरलं, नोकरी लागली की सगळं बंद. तुझा नंबर एकटीचाच गावभर देऊ नको, रात्री-अपरात्री फोन येतील आणि सहा महिन्यांत तू थकशील.

मी बुधवारी येते. त्या अज्जांच्या दानपत्राची झेरॉक्स, उतारा आणि आधार एकत्र करून ठेव, पण त्याआधी त्यांना एकटं गाठून विचार, मुलावर अर्ज करायचाच आहे काय? नको म्हणाले तर कागद तिथंच ठेवायचे, आणि मी येऊन मुलाशी बोलेन.

तुझी,
मावशी