पाचारण आणि घरच्यांचा विरोध

प्रश्न : मी पदवीधर असून नोकरी करतो. सेमिनरीत (पाळकांच्या शिक्षणसंस्थेत) जाऊन पाळक व्हावे असे वाटते, परंतु आईवडिलांचा विरोध आहे. आम्ही चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे सभासद आहोत.

उत्तर : पाचारण, म्हणजे सेवेसाठी देवाचे बोलावणे, तुम्हाला झाले असले, तरी ते पारखण्याचे काम मंडळीचेही, म्हणजे चर्चच्या विश्वासी समाजाचेही आहे, म्हणून राजीनामा देण्याआधी आपल्या पाळकांना भेटा, कारण धर्मप्रांताने (बिशपच्या अखत्यारीतील विभागाने) उमेदवार म्हणून स्वीकारल्याशिवाय केवळ पदवीच्या बळावर पाळकपदाची दीक्षा मिळत नाही. धर्मशास्त्राच्या पदव्या देणाऱ्या सेरामपूर सिनेटची बी.डी. (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी) ही पदवी काही वर्षांची असते आणि त्यात हिब्रू व ग्रीक या बायबलच्या मूळ भाषांची ओळख, मंडळीचा इतिहास, उपदेशशास्त्र असे विषय येतात. पहिल्या वर्षी अनेकांचा जीव गुदमरतो : लहानपणापासून पाठ असलेला शास्त्रभाग लेखक, काळ आणि हस्तलिखिते यांच्या चर्चेत परका वाटू लागतो. तो श्रद्धेचा ऱ्हास समजू नये, मात्र प्रार्थनेचा नेम मोडू देऊ नये. रविवारच्या मंडळीतील प्रत्यक्ष सेवा, विशेषतः आजाऱ्यांच्या भेटी, मला वर्गाइतक्याच मोलाच्या वाटतात. आईवडिलांची चिंता बहुधा तुटपुंज्या वेतनाची आणि बदल्यांची असेल, आणि ती रास्त आहे. त्यांना एखाद्या पाळकाच्या पत्नीशी मोकळेपणाने बोलू द्या.