स्पेस स्टेशन तीन मिनिटं लेट का आलं?

प्रश्न: नमस्कार सर, मी भोर तालुक्यात शिक्षक आहे. वाडीत नेट नाही म्हणून आठवडाभर आधी पुण्याहून येताना लॅपटॉपवर कक्षेचा डेटा घेऊन ठेवला आणि त्यावरून स्पेस स्टेशनची वेळ काढली, ७:०४. पोरांना मैदानावर उभं केलं. स्टेशन आलं ७:०७ ला, तोवर निम्मी पोरं घरी पळाली. गणित कुठे चुकलं?

उत्तर: गणित बरोबरच आहे सर, डेटा शिळा झाला होता. तुमच्या फाइलमधे स्टेशनच्या नावाखाली ६९-६९ अक्षरांच्या दोन ओळी आहेत बघा, त्याला टीएलई म्हणतात. पहिल्या ओळीत २५५४४ हा स्टेशनचा कॅटलॉग नंबर आणि चौथा गट म्हणजे इपॉक, म्हणजे हे आकडे नेमक्या कुठल्या क्षणाचे आहेत ती वेळ. तिथे समजा २६०४५.५ असेल तर २०२६ चा ४५ वा दिवस, म्हणजे १४ फेब्रुवारी, आणि .५ म्हणजे दुपारचे १२, पण यूटीसीचे, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेचे हं, आपल्याकडे तेव्हा संध्याकाळचे साडेपाच. माझ्या मते आख्ख्या फाइलमधे सगळ्यात आधी बघायचा आकडा हाच, कारण बाकीचे आकडे त्या क्षणापुरते असतात आणि तिथून पुढे सॉफ्टवेअर एसजीपी४ नावाच्या मॉडेलने नुसता अंदाज बांधत जातं.

आता कसं आहे, ४०० किमी वर पण थोडी हवा असतेच, तिच्यामुळे कक्षा खाली येत राहते, म्हणून मधूनमधून इंजिन चालवून स्टेशन वर ढकलतात, त्याला रीबूस्ट म्हणतात. जुन्या फाइलला याची खबर नसते. कक्षा २ किमी वर गेली तरी एका फेरीला जवळपास अडीच सेकंद जास्त लागतात, दिवसाला साडेपंधरा फेऱ्या, म्हणजे रोज ३५-४० सेकंद उशीर साठत जातो, पाच दिवसांत झाली की तुमची तीन मिनिटं! बहुतेक हेच झालंय. उलट लवकर आलं असतं तर हवेने अंदाजापेक्षा जास्त ओढलं असं समजायचं, सूर्यावर गडबड असली की तसं होतं.

पुढच्या वेळी त्याच दिवशीचा डेटा घ्या, फार तर आदल्या दिवशीचा. सेलेस्ट्रॅक नावाच्या वेबसाइटवर फुकट मिळतो. नेट नसेल तर पुण्यातल्या कुणाला तरी त्या दोन ओळी एसएमएस करायला सांगा, १३८ अक्षरं आहेत, एका मेसेजमधे बसतात. फक्त मधल्या मोकळ्या जागा जशाच्या तशा राहू द्या, कुठला आकडा कशाचा हे जागेवरूनच ठरतं.

प्रश्न: मी डिप्लोमाला आहे. टीएलईचे हे आकडे फक्त रडारवालेच काढतात का, घरून आपल्याला काही करता येतं?

उत्तर: मूळ मोजमाप मुख्यतः अमेरिकन स्पेस फोर्सचं, त्यांची रडार आणि दुर्बिणी आहेत. पण घरून खूप काही करता येतं रे. नासाचा इमेज नावाचा उपग्रह २००० मधे गेला आणि डिसेंबर २००५ मधे गप्प झाला. जानेवारी २०१८ मधे कॅनडातला हौशी स्कॉट टिली दुसराच एक गुप्त उपग्रह शोधत होता, त्याला अनोळखी सिग्नल मिळाला, फ्रिक्वेन्सी वेळेनुसार कशी सरकते (यान जवळ येताना ती वाढलेली दिसते, लांब जाताना कमी) ते त्याने प्रसिद्ध कक्षांशी ताडून बघितलं आणि तो निघाला इमेज! नासाने त्याच महिन्यात खात्री केली. १२ वर्षं गप्प असलेलं यान घरच्या अँटेनावर सापडलं, मला तर अजूनही याचं फार अप्रूप वाटतं.

तू स्टेशनपासूनच सुरुवात कर. एसडीआर डोंगल (कॉम्प्युटरला यूएसबीने लावायचा छोटा रेडिओ रिसीव्हर) आणि साधी अँटेना घे, १४५.८०० मेगाहर्ट्झ लाव. तिथे सिग्नल कायम नसतो, स्टेशनवरून शाळांशी गप्पा किंवा एसएसटीव्हीचे (रेडिओवरून आवाजाच्या रूपात पाठवलेले) फोटो जाहीर होतात तेव्हा ऐक. येताना सिग्नल साधारण साडेतीन किलोहर्ट्झ वर दिसेल, जाताना तेवढाच खाली, आणि बरोबर १४५.८०० ला येतो तो क्षण म्हणजे स्टेशन तुझ्या सगळ्यात जवळ. तो क्षण सेकंदासकट लिहून ठेव आणि टीएलईवरून काढलेल्या वेळेशी ताडून बघ.