तिखटाने अल्सर होतो का? : वाचकांच्या पोटाच्या तक्रारी

प्रश्न : मी कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत राहतो, वय ४६. रविवारी मटणाचे जेवण झाले की रात्री छातीत जळजळते आणि घशाशी आंबट पाणी येते. दीड-दोन वर्षांपासून सकाळी उपाशीपोटी पित्ताची गोळी घेतो, शिवाय गुडघेदुखीसाठी अधूनमधून वेदनाशामक गोळीही घ्यावी लागते. तांबड्या रश्शाने पोटात अल्सर झाला असेल, असे घरचे म्हणतात. तिखट कायमचे सोडावे का?

उत्तर : तिखट खाल्ल्याने अल्सर होतो, ही समजूत आपल्या भागात घट्ट रुजलेली आहे. ती चुकीची आहे, आणि तिच्यामुळे खऱ्या कारणाकडे दुर्लक्ष होते, म्हणून या पत्राला सविस्तर उत्तर देत आहे.

जठरात दिवसाला सुमारे दोन लिटर पाचकरस स्रवतो. त्यातील हायड्रोक्लोरिक आम्लामुळे तो लिंबाच्या रसाइतका किंवा त्याहूनही अधिक आंबट असतो, आणि या आम्लातच पेप्सिन हे विकर (एन्झाइम) मटणातील प्रथिनांचे तुकडे करू शकते. असा रस खुद्द जठराला पचवून टाकत नाही, याचे कारण अस्तरावर सतत तयार होणारा श्लेष्माचा बुळबुळीत थर आणि त्यातील आम्लविरोधी बायकार्बोनेट. हे संरक्षण कोलमडून अस्तराला जखम झाली, की तिला अल्सर म्हणतात.

हे संरक्षण मोडणारी प्रमुख कारणे दोन आहेत. पहिले म्हणजे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे रॉबिन वॉरेन आणि बॅरी मार्शल यांनी १९८२ साली तो प्रयोगशाळेत वाढवून दाखवला, तेव्हा इतक्या आम्लात जिवाणू जगतो यावर फारसा कोणाचा विश्वास बसेना. अखेर १९८४ साली मार्शल यांनी हे जिवाणू असलेला द्राव स्वतः प्राशन केला आणि थोड्याच दिवसांत त्यांच्या जठराला दाह झाला. पुढे २००५ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. दुसरे कारण वेदनाशामक गोळ्यांचे, आणि ते आपल्याला लागू पडण्याचा संभव आहे. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारखी औषधे शरीरातील ज्या प्रोस्टाग्लँडिन नावाच्या द्रव्यांची निर्मिती रोखून गुडघ्याची वेदना शमवतात, त्याच द्रव्यांवर जठराचा संरक्षक थरही अवलंबून असतो. रश्शाला दोष देण्याआधी ही गोळी कोणती, ती किती वेळा घेतली जाते आणि ती डॉक्टरांनी दिली आहे की मेडिकलमधून परस्पर आणली आहे, हे पाहावे.

मात्र आपण जी लक्षणे लिहिली आहेत, ती अल्सरपेक्षा आम्ल अन्ननलिकेत उलटे चढण्याची अधिक वाटतात. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला स्नायूंचे एक कडे असते. घास खाली उतरताना ते सैल होते, एरवी ते आवळलेले राहते. जठर तुडुंब भरले, पोटाचा घेर वाढला, तंबाखू किंवा मद्य घेतले, तर हे कडे नीट आवळले जात नाही. जठराप्रमाणे श्लेष्माचे भक्कम संरक्षण अन्ननलिकेला नसल्याने तिथे पोहोचलेले थोडे आम्लही जाळते.

येथे एका गोष्टीकडे लक्ष वेधावेसे वाटते. पत्रात दोष तांबड्या रश्शाला दिला आहे, पांढऱ्याचा उल्लेखही नाही. पांढरा रस्सा सौम्य म्हणून वाटीवर वाटी घेतली जाते. वास्तविक त्यात मटणाच्या अळणी पाण्याबरोबर नारळाचे दूध, काजू, तीळ किंवा खसखस असते, म्हणजे स्निग्धांश भरपूर असतो. स्निग्ध अन्न लहान आतड्यात उतरू लागले, की आतडे जठराला वेग कमी करण्याचा संदेश पाठवते, कारण पित्ताशयातील पित्त आणि स्वादुपिंडाचा रस मिसळून चरबी पचायला वेळ लागतो. साधे जेवण दोन ते चार तासांत जठराबाहेर पडते, असे जेवण त्याहून अधिक काळ रेंगाळते. रात्री साडेदहाला पंगत उठली आणि अकराला अंथरुणावर पाठ टेकली, तर आम्लाने भरलेले जठर आडवे होते आणि उभे असताना ते आम्ल खाली ठेवणारे गुरुत्वाकर्षणही मदतीला उरत नाही.

मिरचीतील कॅप्सायसिन उष्णता जाणणाऱ्या मज्जातंतूंना चेतवते, त्यामुळे जखम नसतानाही आग होते, आणि अन्ननलिका आधीच सुजलेली असेल तर ती अधिक जाणवते. म्हणून सोसेल इतपत तिखट खाण्यास हरकत नाही. रविवारचे मटण दुपारी जेवावे. रात्रीचे जेवण झोपण्यापूर्वी किमान तीन तास आटोपावे, आणि पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली ठोकळे ठेवून ती बाजू वीतभर उंच करावी. नुसत्या जादा उशीने मान वाकते, छाती उंच होत नाही.

रोजची पित्ताची, म्हणजे आम्ल कमी करणारी, गोळी मनाने अनेक महिने सुरू ठेवणे योग्य नाही. दीर्घकाळ घेतल्यास बी-१२ जीवनसत्त्व आणि मॅग्नेशियम कमी होऊ शकते. ती एकाएकी बंद केल्यास आम्ल काही काळ उसळून वाढते, म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने ती टप्प्याटप्प्याने कमी करावी. पायलोरीसाठी शौचाची किंवा श्वासाची तपासणी उपलब्ध आहे, पण त्याआधी साधारण दोन आठवडे ही गोळी थांबवावी लागते, अन्यथा जंतू असूनही तपासणीत सापडत नाही. जंतू आढळल्यास प्रतिजैविकांचा पूर्ण कोर्स घ्यावा, बरे वाटले म्हणून मध्येच सोडू नये.

आणखी एक गोष्ट, आणि ती अत्यंत महत्त्वाची आहे. चालताना किंवा जिना चढताना छातीत जळजळ होत असेल, घाम येत असेल, दुखणे जबड्यात किंवा हातात उतरत असेल, तर ते पित्त समजून थांबू नये. त्याच क्षणी रुग्णालयात जाऊन ईसीजी काढावा.

प्रश्न : माझा मुलगा तालमीत जातो. गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हशीचे धारोष्ण दूध प्यायला, की त्याचे पोट फुगते व जुलाब होतात. घरी ताक-दही चालते. असे का होते? (करवीर तालुक्यातील एक माता)

उत्तर : दुधातील लॅक्टोज ही शर्करा पचवणारे लॅक्टेज विकर लहान आतड्यात तयार होते, आणि बालपणानंतर अनेकांमध्ये ते कमी होत जाते. न पचलेले लॅक्टोज मोठ्या आतड्यात पोहोचले, की तेथील जिवाणू ते आंबवून वायू तयार करतात आणि पाणीही आतड्यात ओढले जाते. दह्यात विरजणाच्या जिवाणूंनी बरेचसे लॅक्टोज आधीच वापरलेले असते, म्हणून ते सोसते. हा दुबळेपणा नव्हे, आणि कुस्तीसाठी लागणारी प्रथिने दही, पनीर, अंडी, डाळी यांतूनही मिळतात. मात्र कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिस (जनावरांपासून होणारा ताप) किंवा क्षय यांचे जंतू शरीरात जाऊ शकतात. धारोष्ण दुधाविषयी कोल्हापूरकरांना असलेला जिव्हाळा मला पूर्ण ठाऊक आहे, तरीही दूध उकळूनच प्यावे, असेच मी सांगेन.

प्रश्न : आईचे वय ६८. तिला दोन-तीन दिवस शौचाला होत नाही. ती रोज रात्री चूर्ण घेते. अलीकडे शौचावाटे रक्त जाते, ते मूळव्याधीचे असावे असे शेजारी सांगतात. (एक वाचक, कसबा बावडा)

उत्तर : मोठे आतडे उरलेल्या चोथ्यातील पाणी शोषून घेते. चोथा तिथे जितका रेंगाळेल तितका घट्ट होतो. जेवणातील भाजी आणि पाणी कमी, हालचाल कमी, लोहाच्या किंवा कॅल्शियमच्या गोळ्या, मंदावलेली थायरॉइड ग्रंथी, अशी कारणे या वयात एकत्र येतात. सोनामुखीची चूर्णे आतड्याला चेतवून काम करतात. ती रोजची सवय होऊ देण्यापेक्षा भरपूर पाण्याबरोबर इसबगोल घ्यावे. सकाळच्या चहा-नाश्त्यानंतर आतड्याची हालचाल आपोआप वाढते, त्या वेळी घाई न करता शौचाला बसावे.

रक्ताबाबत मात्र शेजाऱ्यांचे अनुमान ग्राह्य धरू नये. मूळव्याधीतून लाल रक्त जाते हे खरे, परंतु मोठ्या आतड्याच्या कर्करोगातही ते जाऊ शकते, आणि एकाच व्यक्तीला दोन्ही असू शकतात. त्यांचे हिमोग्लोबिन तपासावे, आणि पोटविकारतज्ज्ञांना भेटून आतड्याची दुर्बिणीतून तपासणी, म्हणजे कोलोनोस्कोपी, करण्याविषयी विचारावे. वजन घटले असेल, शौच डांबरासारखे काळे होत असेल किंवा शौचाची सवय अलीकडेच बदललेली असेल, तर ही भेट याच आठवड्यात घ्यावी.